जुना पोलादी फोर्क खरेच 'मऊ' चालत असे का?

१/
जुन्या सायकलींच्या शौकिनांमध्ये एक समज फार पक्का आहे. १९८०च्या दशकातील माउंटन बाइकचा पोलादी फोर्क 'मऊ' चालत असे, स्प्रिंग नसतानाही रस्त्याचा धक्का तो स्वतःच गिळत असे, असे ते सांगतात. हा समज कितपत खरा? आणि खरा असेल, तर १९९०नंतर अवघ्या काही वर्षांत हा फोर्क शर्यतींच्या आघाडीवरून नाहीसा का झाला? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे.

२/
आधी वस्तूची ओळख. पुढचे चाक ज्या दोन पायांमध्ये बसते तो भाग म्हणजे फोर्क. सायकलच्या दुकानात त्याला चिमटाही म्हणतात. हँडलकडे जाणारी उभी नळी, तिच्या तळाशी खांद्यासारखा जोड म्हणजे क्राउन, तेथून खाली उतरणारे दोन पाय आणि पायांच्या टोकाशी चाकाचा ॲक्सल, अशी त्याची रचना असते. येथे 'साधा फोर्क' म्हणजे ज्यात सरकणारा किंवा दबणारा एकही भाग नाही, असा फोर्क.

३/
घरातील आजोबांची काळी सायकल आठवा. तिच्या फोर्कचे पाय खाली येताना पुढे वाकलेले असतात. उभ्या नळीची रेषा खाली वाढवली, तर ॲक्सल त्या रेषेच्या जितका पुढे असेल त्या अंतराला रेक म्हणतात. आणि ती नळी जमिनीशी जो कोन करते तो हेड अँगल. रेक, हेड अँगल आणि नळ्यांची जाडी या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढची सारी कथा त्यांच्याभोवती फिरते.

४/
आता कॅलिफोर्नियाला जाऊ. २१ ऑक्टोबर १९७६. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका मातीच्या उताराच्या रस्त्यावर काही तरुणांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. सुमारे सव्वातीन किलोमीटरच्या त्या वाटेवर उतार जवळजवळ ४०० मीटरचा. पायडल उलटे दाबून लागणारे मागच्या चाकातील ब्रेक एवढे तापत, की हबमधील ग्रीस जळून जाई. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले.

५/
या तरुणांच्या सायकली मात्र नव्या नव्हत्या. १९३० आणि १९४०च्या दशकांतील जुन्या फ्रेमी, विशेषतः श्विन कंपनीच्या, त्यांनी भंगारातून आणि जुन्या बाजारातून शोधून काढल्या होत्या. श्विनने १९३३मध्ये अमेरिकेत जाड 'बलून' टायर रूढ केला; त्याचे माप होते २६ × २.१२५ इंच. मोटारसायकलसारख्या दिसणाऱ्या मुलांच्या सायकलींसाठी तो होता. चार दशकांनंतर तोच टायर डोंगराच्या उतारावर उपयोगी पडला.

६/
या टायरकडे दुर्लक्ष करू नका. मऊपणाचे श्रेय पुढे फोर्कला मिळाले, परंतु त्यातील सर्वांत मोठा वाटा या हवेच्या गादीचा होता. जवळपास ५४ मिलिमीटर रुंदीचा टायर कमी दाबावर चालवता येतो. खडा आला की तो त्याच्याभोवती दबतो आणि चाक उचलले जाण्याऐवजी खडाच टायरमध्ये रुततो. त्याच काळातील अरुंद, कडक भरलेल्या शर्यतीच्या टायरला हे साधणे शक्य नव्हते.

७/
मग स्प्रिंगचा फोर्क त्यांनी का घेतला नाही? ही कल्पना तर जुनीच होती. श्विननेच १९३८मध्ये स्प्रिंग असलेला फोर्क बाजारात आणला होता. पण तो जड होता, आणि दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवर घालणारी काही यंत्रणा त्यात नव्हती. सपाट रस्त्यावर डौलाने जाण्यासाठी तो ठीक होता. रीपॅकच्या वळणावर चाक जमिनीला चिकटून राहणे ही पहिली गरज होती.

८/
आणि आराम हा मुळात त्यांचा मुख्य प्रश्नच नव्हता. त्यांचा प्रश्न होता लोखंड तगेल की नाही. ज्या फ्रेमी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी बनल्या होत्या, त्या अशा उतारावर वाकत आणि मोडत. फ्रेम तडकली तर बहुधा सावरायला क्षणभर मिळतो. फोर्क तुटला तर तोही मिळत नाही. पुढचे चाक निसटते आणि स्वार तोंडावर आपटतो. फोर्कच्या आराखड्याचा पुढचा सारा इतिहास या भीतीच्या छायेत घडला.

९/
१९७७मध्ये जो ब्रीझ या तरुण फ्रेम-कारागिराने जुनी फ्रेम वापरण्याऐवजी क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम बांधली. पहिल्या मालिकेत त्याने १० सायकली केल्या. त्यांतील पहिली आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद. साध्या पोलादाहून ते पुष्कळ मजबूत असते, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते.

१०/
१९७९मध्ये टॉम रिची फ्रेमी बांधू लागला आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्या 'माउंटनबाइक्स' या नावाने विकू लागले. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये तयार करवून घेतलेली 'स्टम्पजम्पर' बाजारात आणली. हातांनी जुळवलेली वस्तू आता कारखान्यात बनू लागली. कारखान्याला हजारो अनोळखी स्वारांची जबाबदारी घ्यावी लागते. कोण किती जोरात आदळेल, हे त्याला ठाऊक नसते.

११/
याच सुमारास एक बदल झाला, ज्याकडे इतिहास सांगताना सहसा कोणी पाहत नाही. मूळच्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये होता. पुढच्या फोर्कवर ब्रेकचा भार नव्हताच. उतारासाठी आधी पुढे ड्रम ब्रेक आले आणि मग रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारे कँटिलिव्हर ब्रेक रूढ झाले. ब्रेकचा मुख्य भार आता फोर्कवर आला. येथेच मऊपणा आणि सुरक्षितता यांचा झगडा सुरू झाला.

१२/
हा झगडा समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र. फोर्क हा वर पक्का धरलेला आणि खाली मोकळा असा दांडा आहे. त्याच्या लांबीच्या दिशेने दाबला तर तो जवळजवळ दबतच नाही. तो लवतो तो फक्त पुढे-मागे. फोर्क तिरका असल्यामुळे खालून आलेल्या उभ्या धक्क्याचा काही अंश या लवण्याच्या दिशेत जातो. हेड अँगल ७० अंश असेल तर हा अंश सुमारे ३४ टक्के. बाकी धक्का पायांतून सरळ हँडलकडे जातो.

१३/
आकड्यांत पाहू. दोन पाय, प्रत्येक ४० सेंटिमीटर लांब, २५ मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर भिंतीचा. उभा धक्का १,००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाएवढा. साध्या तुळईच्या सूत्राने ॲक्सल पुढे सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकतो आणि वर उचलला जातो तो जेमतेम एक मिलिमीटर. टोकाकडे निमुळते पाय किंवा उभ्या नळीचे लवणे धरले, तर त्यात थोडी भर पडेल. त्याच भाराखाली कमी दाबाचा जाड टायर १० मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त दबतो.

१४/
म्हणजे मोठ्या धक्क्यापुरता हिशेब स्पष्ट आहे : काम टायर करतो, फोर्क त्याला किंचित हातभार लावतो. तरीही फोर्क-फोर्कांत फरक जाणवत असे, हे खोटे नव्हे. खडबडीत रस्त्यावरून येणारी बारीक, जलद थरथर मिलिमीटरच्या काही अंशांचीच असते. तेवढे लवणे फोर्ककडे असते. शिवाय दगडाला चाक भिडते तेव्हा धक्का वर आणि मागे असा दोन्हीकडे बसतो. मागच्या भागाला लवचीक फोर्क थोडा वाव देतो.

१५/
अडचण एवढीच, की ब्रेकही फोर्कला मागेच ओढतो. पुढचा ब्रेक जोरात लावला की जमीन टायरला मागे खेचते, आणि क्राउनपाशी येणारा ताण मोठ्या खड्ड्याच्या ताणाहूनही जास्त असू शकतो. मऊ फोर्क अशा वेळी मागे लवतो, सुटतो, पुन्हा लवतो, चाक थडथडते. ज्या दिशेत लवचीकता हाताला सुख देते, नेमक्या त्याच दिशेत ब्रेकला ताठपणा हवा असतो. कारागिरांनी ताठपणा निवडला, आणि तो निवडणे योग्यच होते.

१६/
ताठपणा आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे नळीचा व्यास वाढवणे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २० टक्क्यांनी वाढवला, तर ताठपणा जवळपास पावणेदोन पट होतो. येथे एक गैरसमज दूर करावा. क्रोमोली साध्या पोलादाहून मजबूत असते, पण अधिक मऊ किंवा अधिक ताठ नसते. स्थितिस्थापकतेचा गुणांक सर्व पोलादांत जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल. 'चांगले पोलाद मऊ चालते' हे वाक्य तेवढ्यापुरते निराधार आहे. फरक पडतो तो नळीच्या आकारामुळे.

१७/
दुसरा बदल बीएमएक्स सायकलींकडून आला. तेथे १९७०च्या दशकातच पाय वरच्या टोकाला आत वळवून थेट उभ्या नळीला वेल्ड करण्याची पद्धत होती. याला युनिक्राउन म्हणतात. वेगळा ओतीव क्राउन नको, त्यात नळ्या बसवून पितळाने जोडण्याची खटपट नको. काम जलद, स्वस्त आणि भक्कम. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात माउंटन बाइकवर जिकडेतिकडे हीच रचना दिसू लागली.

१८/
तिसरा बदल डोळ्यांना सर्वांत आधी जाणवतो : सरळ पाय. १९८८मध्ये स्थापन झालेल्या कोना कंपनीचा 'प्रोजेक्ट टू' हा यातला सर्वांत परिचित फोर्क. त्याच्या पायांना बाक नाही. ते वरूनच तिरके बसवून आवश्यक रेक साधलेला आहे. लोक म्हणत, 'बाक गेला, स्प्रिंग गेली.' पण नळी तीच आणि रेक तोच ठेवला, तर बाक असण्या-नसण्याने उभ्या लवण्यात फारसा फरक पडत नाही.

१९/
मग लोकांना फरक का वाटे? कारण नळी बहुधा तीच नसे. बाकदार पाय टोकाकडे निमुळते आणि बारीक असत. सरळ पाय बहुधा जाडजूड असत. ताठपणा आला तो जाडीमुळे, नाव मात्र सरळपणाचे झाले. इतिहासात असे वारंवार होते. दोन गोष्टी एकत्र येतात आणि डोळ्यांना जी आधी दिसते तिलाच आपण कारण ठरवतो.

२०/
चौथा बदल कोनाचा. सुरुवातीच्या मरिन सायकलींचा हेड अँगल ६८ अंशांच्या आसपास, बांधा लांब. उतारावर स्थिर, वळायला मंद. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर शर्यती चढ-उतारांच्या वाटेवर होऊ लागल्या आणि ७१ अंशांचा हेड अँगल रूढ झाला. सायकल चपळ झाली. पण ६८ अंशांवर धक्क्याचा सुमारे ३७ टक्के भाग लवण्याच्या दिशेत जाई. ७१ अंशांवर तो ३३ टक्क्यांच्या खाली आला. फोर्क न बदलताही सायकल थोडी कडक झाली.

२१/
आता चारही धागे जोडा. जाड नळ्या, युनिक्राउन, सरळ पाय, उभा कोन. १९८०च्या दशकाच्या अखेरीस साधा पोलादी फोर्क पूर्वी कधी नव्हता इतका विश्वासार्ह झाला होता. वजन साधारण एक किलो, देखभाल जवळजवळ शून्य. आणि तो विश्वासार्ह होण्याची किंमत हाताने मोजली. लांब उतारानंतर बोटे बधिर होणे, हँडलची पकड सुटणे, नजर थरथरल्याने वाट अस्पष्ट दिसणे हे नित्याचे झाले. कोपर आणि गुडघे हीच स्वाराची स्प्रिंग होती, आणि ती थकत असे.

२२/
म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस उपायांची गर्दी झाली. कोणी हँडल धरणाऱ्या स्टेममध्येच बिजागरी आणि रबर बसवले. पॉल टर्नर या मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या तंत्रज्ञाने हवेची स्प्रिंग आणि तेलाचा आवर असलेला फोर्क घडवला. १९८९च्या सुमारास तो 'रॉकशॉक्स आरएस-१' या नावाने विक्रीस आला. त्याचा दबण्याचा पल्ला ४८ मिलिमीटर. आपल्या हिशेबातील पोलादी फोर्कचा एक मिलिमीटर त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

२३/
पण पल्ल्याहून महत्त्वाचा होता तो तेलाचा आवर. पोलाद लवते आणि जवळजवळ सगळी ऊर्जा परत फेकते. तेल ती ऊर्जा उष्णतेत जिरवते. शिवाय सरकणारे पाय धक्का त्याच्याच दिशेने, म्हणजे फोर्कच्या लांबीत घेतात. ब्रेकसाठी लागणारा पुढे-मागेचा ताठपणा वेगळा राखता येतो. पंधराव्या भागात पाहिलेला झगडा सुटला तो येथे. १९९०मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने जिंकली, ती रॉकशॉक्स फोर्क लावून.

२४/
यानंतर साधा फोर्क दोन प्रकारे मागे पडला. शर्यतीतून तर तो गेलाच. पण फ्रेमीही नव्या फोर्कसाठी उंच होऊ लागल्या. जुन्या २६ इंची सायकलीचा साधा फोर्क ॲक्सलपासून क्राउनपर्यंत साधारण ३९ ते ४० सेंटिमीटर. नव्या फ्रेमीला साजेसा साधा फोर्क त्याहून काही सेंटिमीटर लांब करावा लागला. लांब पायांना ब्रेकचा ताण पेलायचा म्हणून ते आणखी जाड झाले. पुढे डिस्क ब्रेक आले आणि पायाच्या खालच्या टोकाशीच ब्रेकचा भार आला; बारीक, निमुळत्या टोकाची सोय उरली नाही.

२५/
'जुना फोर्क मऊ होता' या आठवणीचा उगम मला येथे दिसतो. आज जो कोणी जुन्या फोर्कची तुलना करतो, तो बहुधा या नंतरच्या जाड, ताठ साध्या फोर्कशी करतो. त्या तुलनेत १९८०च्या पूर्वार्धातील बारीक, निमुळता, पुढे रेललेला फोर्क खरेच सौम्य वाटतो. पण १९८९चा स्वार तुलना करत होता आपल्या बधिर बोटांशी. दोघांची साक्ष प्रामाणिक आहे. त्यांचे मोजमाप मात्र एकच नाही.

२६/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे काय करावे? आठवण फेकून देऊ नये, वस्तूजवळ जावे. पायाचा व्यास वर किती, टोकाला किती? रेक किती? हेड अँगल किती? टायर कोणता आणि त्यात हवा किती होती? दोन फोर्कची तुलना करायची तर चाक, टायर, दाब आणि रस्ता तेच ठेवून फक्त फोर्क बदलावा. टायरचा दाब न सांगता केलेली तुलना ही फोर्कची नव्हे, हवेचीच तुलना असू शकते.

२७/
आणि एक सावधगिरी, कारण अशा सायकली आजही हौसेने विकत घेतल्या जातात. चाळीस वर्षांच्या फोर्कवर बसण्याआधी तो फ्रेममधून काढून पाहा. उभ्या नळीच्या आतला गंज, क्राउनच्या जोडाशी बारीक चीर, पायांवर रंगाला पडलेल्या सुरकुत्या, किंवा बाजूने पाहता पाय मागे गेलेले दिसणे, यांतले काहीही आढळले तर तो भिंतीवर शोभेसाठी टांगा. पोलाद बहुधा तुटण्याआधी वाकून सूचना देते. ती वाचणे आपले काम.

२८/
तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर : बारीक थरथरीपुरता जुना फोर्क मऊ होता, मोठ्या धक्क्यासमोर कधीच नव्हता. तेथे टायर होता आणि स्वाराचे कोपर होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : तो नाहीसा झाला तो निकृष्ट होता म्हणून नव्हे. रीपॅकच्या उतारावर त्याच्याकडून एकच मागणी होती, तुटू नको. दहा-बारा वर्षांत ती त्याने इतकी चोख पुरवली, की स्वारांना पहिल्यांदाच आपल्या हातांची आठवण झाली.

धागा समाप्त. तुमच्या घरी किंवा गावातील दुकानात एखादा जुना फोर्क पडून असेल, तर वर दिलेली मापे घेऊन खाली जरूर लिहा.